युकी, ट्रंक आणि नणंदेचं बाळंतपण

पत्र सांगलीच्या गावभागातून आलं आहे. लिहिणारी 28 वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला, माहेर साताऱ्याचं, लग्नाला दीड वर्ष. सासरी येताना तिने दोन गोष्टी सोबत आणल्या. युकी नावाची चार वर्षांची पांढरी पर्शियन मांजर, आणि जपानी प्रेमकथांच्या मांगांची, म्हणजे चित्रकथांची, लोखंडी ट्रंक. कॉलेजपासून जमवलेले इंग्रजी भाषांतरांचे 140 खंड. लग्न ठरताना नवरा म्हणाला होता, "आण की मांजर, त्यात काय!" आता नणंद पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. सातवा संपत आलाय, तारीख ऑगस्टची. सासूबाई म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला तर बाळाला धोका, मांजर घालवा. सासरे म्हणतात, मार्केट यार्डात सोडून या, तिथे उंदीर भरपूर. कोल्हापूरचा एकजण पिल्लं काढण्यासाठी युकीला 12 हजारांत घ्यायला तयार आहे, कारण तिचं ऑपरेशन झालेलं नाही. साताऱ्याची आई म्हणते, मांजरापायी माणसं दुखवू नकोस. नवरा गप्प. शिवाय "एवढी मोठी झाली तरी कार्टून वाचते" हे येताजाता ऐकावं लागतं. पत्राचा शेवट असा: "आज युकी गेली तर उद्या ट्रंक जाईल आणि परवा या घरात माझं असं काहीच उरणार नाही. माझ्या पुस्तकांतला नायक असता तर न सांगता समजला असता. मी चुकतेय का?"

युकीच्या ताई,

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि नणंदेचं एखादं वाक्य सापडतंय का ते शोधलं. सापडलं नाही. चार पानांत सासूबाई बोलतात, सासरे बोलतात, तुझी आई फोनवरून बोलते, कोल्हापूरचा तो गिऱ्हाईकसुद्धा भाव सांगून जातो. पण जिच्या पोटातल्या बाळासाठी हे सगळं चाललंय ती एक अक्षर बोलत नाही. तिला कुणी विचारलंय तरी का? कदाचित तिला मांजराची किळस असेल. कदाचित गेल्या दिवाळीत तिनेच युकीला मांडीवर घेतलं असेल आणि आईपुढे गप्प बसली असेल. मला माहीत नाही आणि तुझ्या पत्रावरून वाटतं, तुलाही माहीत नाही. पुढचं सगळं वाचण्याआधी तिला फोन कर. "ताई, तुम्ही याल तेव्हा युकी घरात असलेली चालेल का, खरं सांगा," एवढंच विचार. सासूबाईंची तक्रार मध्ये आणू नकोस.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. तू तिला "अंधश्रद्धा" म्हणतेस. तशी ती नाही. भीतीला खरा आधार आहे, फक्त बोट चुकीच्या जागी दाखवलं जातंय. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी असतो. मांजराने उंदीर, पक्षी किंवा कच्चं मांस खाल्लं की तो तिच्या पोटात वाढतो आणि त्याची अंडीवजा बीजं विष्ठेतून बाहेर पडतात. पहिल्यांदा लागण झाल्यावर साधारण एक ते तीन आठवडे. गरोदरपणात बाईला त्याची नवी लागण झाली तर बाळाला खरोखर इजा होऊ शकते. म्हणजे प्रश्न विष्ठेचा आहे, केसांचा नाही. आणि ती ताजी असताना लागण करत नाही. बीजं पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोज साफ झाला, आणि तो गरोदर बाईने साफ केला नाही, की धोका फारच उतरतो. घरात कोंडलेली, तयार खाद्यावर वाढलेली मांजर हा रोग आणण्याची शक्यता मुळात कमी. अर्धंकच्चं मटण, न धुतलेली कोथिंबीर, बागेतली माती यांतूनही तो येतो, आणि त्यांच्याबद्दल तुमच्या घरात अजून एकही बैठक झालेली नाही.

पण तू लिहितेस, "युकी कधीकधी संध्याकाळी गच्चीवर फिरून येते." ते आजपासून बंद. गच्चीवर चिमण्या असतात, पाली असतात, शेजारचा बोका असतो. कच्चे मटणाचे तुकडेही बंद. ट्रे नवऱ्याने साफ करायचा, रोज सकाळी, हातमोजे घालून, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. तू का नाही? कारण तुझ्या पत्रात त्याला अजून एकही काम नाही. आणि नणंदेच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना सरळ विचारा. त्यांना गरज वाटली तर रक्ताची एक तपासणी सांगतील, आधी कधी लागण होऊन गेली आहे का ते त्यातून कळतं. सासूबाईंना माझं किंवा तुझं म्हणणं पटणार नाही, डॉक्टरांचं पटेल. तेव्हा तपासणीला जाताना सासूबाईंनाच सोबत ने.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूची, आणि ती तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. पर्शियन मांजरांच्या लांब केसांत गजकर्णाची बुरशी सहज राहते, कधी वरून काहीच दिसत नाही, आणि ती माणसांना लागते. तान्ह्या बाळाची कातडी म्हणजे काय, तुला माहीत आहे. तेव्हा नणंद येण्याआधी युकीला पशुवैद्यांकडे नेऊन कातडीची तपासणी, जंताचं औषध आणि राहिलेल्या लसी (रेबीजची धरून) उरकून घे. त्याचा कागद घे. आपल्याकडे तोंडी शब्दापेक्षा शिक्का मारलेल्या कागदाला मान असतो. पतसंस्थेत बसतेस, तुला हे मी काय सांगायचं!

आता जरा रागावते. चार वर्षांची मांजर आणि अजून ऑपरेशन नाही? पाच-सहा महिन्यांची झाली की करून टाकायचं असतं ते. माजावर आलेली मांजर रात्री कशी ओरडते हे तू ऐकलेलं आहेस, दार लावून, उशी कानावर घेऊन झोपली असशील. बोका मिळाला नाही की दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. आता विचार कर, ऑगस्टमधली रात्र, बाळ दोन तास रडून नुकतं झोपलंय, बाळंतीण पाठ टेकतेय, आणि खोलीबाहेर युकी सूर लावते. त्या रात्री तिला घराबाहेर काढायला टॉक्सोप्लाझ्माची गरज पडणार नाही. या महिन्यातच तारीख घे. जखम भरायला दहा ते चौदा दिवस धर, म्हणजे नणंद येईपर्यंत ती टुणटुणीत झालेली असेल.

ऑपरेशन झालं की कोल्हापूरचा प्रश्न आपोआप मिटतो, कारण त्याला युकी नकोच आहे, तिची पिल्लं हवी आहेत. "डॉल फेस" (थोडं लांब नाक), "पंच फेस" (अगदी चपटं नाक) असे भाव लावून विकायला. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा एक आनुवंशिक आजार बराच आढळतो. आई किंवा बाप, एकात तो दोष असला तरी प्रत्येक पिल्लाला तो येण्याची शक्यता निम्मी. पिल्लं काढणाऱ्यांपैकी किती जण आधी त्याची तपासणी करतात, हे त्या माणसाला विचारून बघ. युकीची सोनोग्राफी तू स्वतःसाठी करून घेतलीस तर चांगलंच. पुढच्या वर्षांत पाणी किती पिते, वजन उतरतंय का, यावर लक्ष ठेवता येईल.

मार्केट यार्डाबद्दल दोनच वाक्यं. चपट्या नाकाची, लांब केसांची, आयुष्यभर वाटीत खाल्लेली मांजर हळदीच्या पोत्यांमध्ये उंदीर धरून जगणार नाही. आणि पाळलेलं जनावर असं उपाशी मरायला सोडणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे सासऱ्यांना तू सांगू नकोस, त्यांच्या मुलाला सांगू दे.

इथे आपण त्या गप्प माणसाकडे आलो.

तू लिहितेस, पुस्तकांतला नायक न सांगता समजला असता. बाई गं, मी तुझ्याएवढं वाचलेलं नाही, पण भाचीमुळे थोडं वाचलंय, आणि एक गोष्ट लक्षात राहिली आहे. मुलींसाठीच्या या मांगांमध्ये, ज्यांना तुम्ही शोजो म्हणता, मनातलं बोलणं फुग्यात नसतं. ते चौकटीवर मोकळं तरंगत असतं, कधी केसांवर, कधी पाकळ्यांमध्ये, कधी नुसत्या पांढऱ्या जागेत. 1970 च्या दशकात तरुण लेखिकांची एक पिढी पुढे आली. बऱ्याचजणी 1949 च्या आसपास जन्मलेल्या, जपानी शोवा कालगणनेत ते 24 वं वर्ष, म्हणून त्यांना 24 चा गट म्हणतात. त्यांनी ही शैली फुलवली. वाचकाला नायिकेचं मन दिसतं, नायकाचंही दिसतं. दिसत नाही ते फक्त त्या दोघांना एकमेकांचं, आणि म्हणूनच गोष्ट दहा-दहा खंड चालते!

तू सांगलीत राहतेस. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केलं ते याच गावात. स्वगत म्हणजे काय हे नाट्यपंढरीत राहणाऱ्या सुनेला मी शिकवायचं का? प्रेक्षकांना सगळं ऐकू जातं, शेजारी उभ्या पात्राला काही नाही. तुझं पत्र म्हणजे चार पानांचं स्वगत आहे आणि शेजारी उभं पात्र मोबाईल बघतंय. तू त्याला काय म्हणालीस, ते पत्रात आहे: "तुला काही वाटत नाही का?" आणि "असू दे, जाऊ दे." या दोन्हींतून कुणालाही काही कळत नाही. तुझ्याच गोष्टींत सगळं अडकून पडलेलं असताना कथा कशाने हलते? कोणीतरी गच्चीवर किंवा शाळेमागे उभं राहून, घाम फुटलेला असताना, सरळ सांगतं. तुम्ही त्याला कोकुहाकु म्हणता ना? मन उघड करणं. न सांगता समजणारा नायक तुझ्या आठवणीत आहे, पण पानापानांवर गाडी पुढे नेणारं माणूस बहुतेकदा सांगून टाकणारंच असतं. ट्रंक उघडून पडताळून बघ, मी चुकत असेन तर कळव.

तेव्हा एक संध्याकाळ धर. घरात नको, आयर्विन पुलावर नाहीतर हरिपूरच्या वाटेवर जा, भडंग घे बरोबर. आणि वाक्यं छोटी ठेव. "लग्नाआधी तू हो म्हणाला होतास, त्यावर विसंबून मी तिला आणली. ती जाणार नाही. ताईंची काळजी घेण्यासाठी मी हे-हे करणार आहे, तू हे-हे करायचं आहेस, आणि आईंशी तू बोलायचं आहेस." मग थांब. तो लगेच बोलणार नाही. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तू "त्याला फरक पडत नाही" असा लावला आहेस. मला तो आई आणि बायको यांच्यामध्ये सापडलेल्या, दोघींना खूश ठेवू बघणाऱ्या माणसाचा वाटतो. क्षम्य आहे, पण सवय लागण्याआधी मोडलेली बरी.

मात्र तुझ्या "आज युकी, उद्या ट्रंक, परवा मी" या साखळीशी मी सहमत नाही. मांजर आणि छंद या दोन वेगळ्या जाती आहेत. ट्रंक माळ्यावर टाकून दोन वर्षांनी उघडलीस तर खंड जसेच्या तसे असतील, कसर लागू दिली नाही म्हणजे झालं. युकी चार दिवस विंचरली नाहीस तर काखेत आणि पोटाखाली जटा होतात, डोळ्यांखाली पाणी वाळून कातडी लाल होते. अशी मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगते. ती तुझी ओळख नाही, जबाबदारी आहे. "माझं काही उरणार नाही" या वाक्यात तू तिला ट्रंकेशेजारी मांडलंस तेव्हा मला तिची जरा काळजी वाटली. युमिको ओशिमा यांची 1978 साली सुरू झालेली एक मांगा तुला माहीत असेलच. त्यातलं पिल्लू समजतं की आपण मोठेपणी माणूस होणार, म्हणून ते फ्रॉक घातलेल्या, मांजराचे कान असलेल्या मुलीसारखं काढलंय. तुझ्या पत्रातली युकी मला तशीच दिसली. सासूबाईंना मात्र आमटीवर तरंगणारा पांढरा केस दिसतो. दोन्ही खरं आहे. स्वयंपाकघराला दार असेल तर ते युकीसाठी बंद, कायमचं. ही सवलत तू आपणहून दे, त्यांनी मागण्याआधी.

ट्रंकेचं काय? तिला कुणी हात लावलेला नाही, टोमणे आहेत. टोमण्यांवर माझा उपाय जुना आहे. आमच्या पिढीने भाड्याच्या लायब्ररीतून आणलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचल्या, सासूबाई रोज संध्याकाळी मालिका बघतात, त्यातही नायिका रडते आणि नायक उशिरा शहाणा होतो. रस एकच, भांडं वेगळं. आणि "कार्टून, लहान मुलांचं" हा समज असेल तर तूही तो मनातून काढ. जपानमध्ये मुलींची ही मासिकं 1954-55 पासून निघताहेत, नाकायोशी, रिबोन वगैरे, आणि मोठ्या बायकांसाठीचा जोसेई हा वेगळा विभागच आहे, ज्यात नोकरी, घटस्फोट, सासर सगळं येतं. शाळेच्या गणवेशातल्या आणि चेरीच्या बहरातल्या गोष्टी बहुधा होकारापाशी थांबतात. दीड वर्ष संसार केलेल्या बाईने थोडं तिकडचंही वाचावं, असं मला वाटतं. नायकाशी नवऱ्याची तुलना जरा कमी होईल.

आता नणंदेने खरंच "मला नको" म्हटलं तर? तिला तो हक्क आहे, माहेर तिचंही आहे. तेव्हा युकीला साताऱ्याला पाठव. तू लिहिलंयस की तुझे बाबा फोनवर आधी तिची चौकशी करतात आणि मग तुझी. निवृत्त माणसाला रोज दहा मिनिटं विंचरायचं काम सोपव. पण जाताना परतीची तारीख ठरव आणि ती सगळ्यांसमोर बोल: "सव्वा महिना झाला की अमुक रविवारी आणणार." तारखेशिवाय गेलेली वस्तू, मांजर काय, मिक्सर काय, परत येत नाही. न्यायचं तर पहाटे, गाडीने, कराडमार्गे. चपट्या नाकाच्या मांजरांना उकाडा सोसत नाही, एसटीच्या टपावर किंवा डिकीत तर मुळीच नको.

साताऱ्याचा विचार मला दुसऱ्या कारणानेही पटतो. तू नदीकाठच्या गावभागात, तारीख ऑगस्टची. 2019 च्या ऑगस्टचा आणि 2021 च्या जुलैचा महापूर तुमच्या भिंतींवर अजून दिसत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, हे सांगलीकराला पाठ असतं, पण कागदावर योजना कुणाची नसते. पाणी चढायला लागलं तर बाळ-बाळंतीण विश्रामबागेत की मिरजेत, कोणाकडे, हे आत्ताच ठरवा. त्या गडबडीत मांजर कोणी धरायची हे ठरलेलं नसेल तर ती पलंगाखाली जाते आणि निघत नाही. पिंजरा आजच खोलीत उघडा ठेव, आत तुझा जुना टॉवेल टाक, तिचं खाणं तिथेच दे. महिनाभरात ती आपणहून आत झोपायला लागेल. ट्रंक तळमजल्यावर असेल तर वर चढवा. 140 खंड ओले झाले तर वाळत नाहीत, फुगतात.

युकी घरात राहिली तर आणखी थोडं. बाळाच्या खोलीत ती एकटी कधीच नको, पाळण्यावर मच्छरदाणी हवीच. ओवा-वेखंडाची धुरी तिच्या छोट्या नाकाला जाचते (बाळाच्याही, पण ते डॉक्टरांकडून वदवून घे). बारशाला कुणी लिलीचे गुच्छ आणले तर ते बाहेर ठेवा, लिलीचं पान किंवा परागही मांजराचं मूत्रपिंड बंद पाडतो. आणि घरात तापाचं पॅरासिटामोल असणारच. मांजराला ते विष आहे, कणभरही देऊ नका, कितीही तापलेली वाटली तरी.

नणंद तीन महिने बसून राहणार आहे, मालिका संध्याकाळीच असतात, दुपार मोठी असते. ट्रंकेतला एखादा हलकाफुलका पहिला खंड तिच्या उशाशी ठेव. उजवीकडून सुरू करायचं आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं, हे आठवणीने सांग, नाहीतर ती शेवटचं पान आधी उघडेल.